बायकांची ग्रुप सायकल राइड: मागे कोणालाच सोडलं नाही, पण सीटचं आधी बघून घ्या

बरेच दिवस जाऊ की नको चाललं होतं, शेवटी मागच्या रविवारी जाऊन आले. फक्त बायकांसाठीची ग्रुप राइड, ३२ किलोमीटर, जवळजवळ सगळा रस्ता शेतांमधून जाणारा, मोठा रस्ता फक्त दोनदा ओलांडायचा. सायकल स्वतःची आणा नाहीतर त्यांच्याकडून भाड्याने घ्या, हेल्मेट ते देतात. माझ्या सायकलचे गिअर अडकतात म्हणून मी भाड्याचीच घेतली. आम्ही चौदा जणी, सगळ्यात पुढे एक लीडर ताई आणि सगळ्यात मागे अजून एक ताई. खरं तर हे सगळं लिहायला बसले ते त्या मागच्या ताईमुळेच, पण आधी तक्रार सांगून मोकळी होते.

तक्रार सीटची. सायकली वाटताना नुसता गोंधळ होता, निघायला अर्धा तास उशीर झालाच होता आणि त्या घाईत ज्याने सायकल हातात दिली त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, सीटवर थाप मारली आणि म्हणाला, बसा, दोन्ही पाय जमिनीला टेकतायत ना, झालं मग. मलाही वाटलं झालं. पहिले पाच-सहा किलोमीटर काही कळलं नाही, नंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं, जिना चढताना दुखतं ना तसं. मला वाटलं सवय नाही म्हणून असेल, आणि गप्प बसून पॅडल मारत राहिले, हळूहळू मागे पडत गेले.

तेव्हा मागच्या ताई माझ्या बाजूला आल्या. थोडा वेळ नुसत्या माझ्या पायांकडे बघत होत्या आणि मग म्हणाल्या, थांब गं, तुझी सीट खूप खाली आहे. रस्त्याच्या कडेला गवतावर सायकल घेतली, त्यांनी हँडल धरलं आणि मला म्हणाल्या सीटवर बस, पॅडल अगदी खाली ने आणि त्यावर टाच ठेव. माझा गुडघा चांगलाच वाकलेला. टाच ठेवल्यावर पाय जवळपास सरळ व्हायला हवा, म्हणजे मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात थोडासाच बाक राहतो, तेवढा बरोबर. पान्ह्याने क्लॅम्प सैल केला, सीट वर घेतली, सगळं मिळून चारेक बोटं तरी वर गेली असेल, परत घट्ट केलं आणि सीट धरून डावी-उजवीकडे पिळून बघितली हलते का ते. सीटच्या दांड्यावर एक रेघ कोरलेली असते ती पण दाखवली, ती रेघ बाहेर दिसली म्हणजे दांडा जास्त वर आलाय आणि मोडू शकतो. दोन मिनिटांचं काम. पुढच्या दहा मिनिटांत गुडघ्याचं दुखणं निम्म्यावर आलं आणि नंतर तर मी विसरूनच गेले. आता सीटवर बसून दोन्ही पाय पूर्ण टेकत नव्हते, थांबताना सीटवरून पुढे उतरावं लागत होतं, याची पहिल्यांदा भीती वाटली पण तीच योग्य पद्धत आहे.

मला राग याचाच आला की ही दोन मिनिटं सुरुवातीलाच प्रत्येकीला द्यायला हवी होती. चौदा जणींना दोन-दोन मिनिटं म्हणजे अर्धा तास, आणि अर्धा तास तर तसाही उशिरात गेलाच होता. पहिल्यांदा आलेली एखादी गुडघे आणि बूड दुखून घरी गेली की तिला वाटतं सायकल आपल्याला झेपत नाही, आणि ती परत येतच नाही. झेपत नाही असं काही नसतं हो, सीट चुकीची असते!

सीटच्या रुंदीचं पण सांगायलाच हवं. बसताना आपलं वजन ज्या दोन हाडांवर येतं ती बायकांमध्ये साधारणपणे जरा लांब लांब असतात, त्यामुळे अरुंद सीटवर हाडांना आधार मिळत नाही आणि सगळा भार मधल्या नाजूक भागावर येतो. मग लोक म्हणतात जेलवालं जाड मऊ कव्हर घाला. ते छोट्या अंतराला ठीक आहे, पण दोन-अडीच तासांच्या राइडला खूप मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि बाजूचा फुगलेला भाग उलट जास्त घासतो. जरा टणक पण आपल्या हाडांच्या मापाची सीट बरी. आणि पॅडवाली सायकलिंग शॉर्ट घालणार असाल तर तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, शिवण घासते. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, तिथे ब्रेकमध्ये एका काकूंनी अगदी मोकळेपणाने सांगितलं. अशा गोष्टी बोलता येतात, कुठे थांबलं की टॉयलेट आहे ते पहिल्यांदा सांगितलं जातं, पाळीच्या दिवसांत राइड करावी का हे कोणी कुजबुजत नाही तर सरळ विचारतं, म्हणून बायकांचा वेगळा ग्रुप असण्याला अर्थ आहे असं मला तरी वाटतं.

रस्ता मात्र फार सुंदर निवडलाय, त्यासाठी पूर्ण मार्क. वसंत नुकता लागलाय, कुंपणाच्या झुडपांना ती कोवळी पोपटी पालवी, उन्हात बघितली की पलीकडचं दिसेल इतकी पातळ. रस्ता इतका अरुंद की समोरून एक ट्रॅक्टर आला तर आम्ही सगळ्या एका रांगेत कडेला. गाडीतून असे रस्ते दिसतात पण ऐकू येत नाहीत, सायकलवर चेनचा बारीक आवाज, पक्षी, कुठेतरी पाण्याचा पाट, आणि वास, ओल्या मातीचा, मध्येच शेणखताचा, मध्येच एकदम फुलांचा, तोही अर्ध्या मिनिटात मागे पडतो.

पण वसंतातले हे रस्ते दिसतात तेवढे साधे नाहीत. वळणांवर बारीक खडी साचलेली असते, ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल पडलेला असतो. लीडर ताईंनी निघतानाच सांगितलं होतं की ब्रेक वळणाच्या आधी लावा, दोन्ही एकदम आणि हलके, वळणात सायकल कलल्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरलंच. सकाळी गारवा आणि तासाभरात घाम, म्हणून एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे, एक काढून कमरेला बांधता येतो. आणि चष्मा घालाच, साधा चालेल, उतारावर किडा डोळ्यात गेला की काही सुचत नाही, आमच्यातल्या एकीला पाच मिनिटं थांबून डोळा धुवावा लागला.

पंक्चर एकच झालं, तेही कुंपणाच्या काट्याने. इथे लीडर ताईंनी जे केलं ते मी लक्षात ठेवलंय. नवीन ट्यूब लगेच घातली नाही. आधी टायरच्या आतून बोटं फिरवली, हळूहळू पूर्ण गोल, आणि एका जागी थांबल्या, काट्याचं टोक आत होतं, बाहेरून दिसतही नव्हतं. तो तसाच राहिला असता तर नवीन ट्यूब पण दहा मिनिटांत गेली असती. मग ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून ती जरा गोल केली, म्हणजे बसवताना पीळ पडत नाही, टायरचा शेवटचा भाग अंगठ्यांनीच रिमवर चढवला, टायर काढायचा लिव्हर वापरला नाही कारण त्याने ट्यूब चिमटते. आम्ही सगळ्या गोल करून बघत होतो आणि त्या मुद्दाम सावकाश करत होत्या. याला सर्व्हिस म्हणायचं!

अर्ध्या वाटेवर थांबलो तेव्हा केळी, सुका मेवा आणि पाणी होतं. भाड्याच्या सायकली जड आहेत यावरून बोलणं निघालं तर एकीने अॅनी लंडनडेरीचं सांगितलं. १८९४ मध्ये ती बॉस्टनहून सायकलवर जगाची फेरी करायला निघाली, अंगात लांब स्कर्ट आणि सायकल तब्बल ४२ पौंडांची, म्हणजे १९ किलो. शिकागोपर्यंत पोचली आणि तिथे तिने सायकलच बदलली, निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली, स्कर्ट सोडून पायजम्यासारखे ब्लूमर घातले आणि १८९५ मध्ये फेरी पूर्ण केली. प्रवासाचा बराच भाग बोटीने झाला होता, पण तरी! मला त्यातलं एवढंच भिडलं की तिने हार मानली नाही, सामान बदललं. आमच्यातल्या दोघींकडे खाली वाकलेल्या दांड्याच्या सायकली होत्या, ती फ्रेमसुद्धा त्याच काळात स्कर्ट घालणाऱ्या बायकांसाठी निघाली आणि गुडघे दुखणाऱ्या काकूंना ती आजही सोयीची पडते.

आता चढ. जाहिरातीत लिहिलं होतं "रस्ता सपाट आहे". नाही हो, दोन चढ आहेत आणि दुसरा चांगला दम काढतो. हे आधी स्पष्ट लिहायला हवं, कोणी घाबरून येणार नाही असं वाटत असेल तर ते चूक आहे, माहीत असलं की माणूस तयारीने येतो. चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाकायचा, चढाच्या मधोमध जोर देऊन गिअर बदलला की चेन खटखट करते, कधी उतरते सुद्धा. मी उशिरा बदलला आणि चेन उतरलीच.

पुढच्या सगळ्या वर गेल्या होत्या. मी खाली, हात काळे, आणि माझ्या मागे फक्त त्या ताई. मला वाटलं आता म्हणतील चल लवकर, सगळ्या थांबल्यात. त्यांनी सायकल आडवी लावली आणि म्हणाल्या, अजिबात घाई नाही, मला शेवटीच यायचंय. बस एवढंच. चेन मलाच लावायला सांगितली, मागचा डिरेल्युर, म्हणजे मागच्या चाकापाशी चेन हलवून गिअर बदलणारा भाग, पुढे ढकलला की चेन ढिली पडते आणि खालच्या बाजूने दातांवर बसवून पॅडल फिरवलं की बसते. मग चढ आम्ही बोलत बोलत चढलो, त्या एकदाही माझ्या पुढे गेल्या नाहीत, अर्धं चाक सुद्धा नाही. वर पोचले तर बाकीच्या तेरा जणी आणि लीडर ताई उभ्या होत्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मी पोचल्या पोचल्या निघाल्या नाहीत. मला पाणी पिऊ दिलं, श्वास खाली बसू दिला, मग निघालो. बऱ्याच ग्रुपमध्ये काय होतं, पुढचे आराम करून थांबलेले असतात आणि शेवटचा आला की लगेच निघतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सगळ्यात जास्त त्यालाच ती मिळत नाही. "कोणालाही मागे सोडणार नाही" असं सगळेच लिहितात, इथे ते खरोखर पाळलं.

परत येताना वारा समोरून होता. लीडर ताईंनी आम्हाला दोन-दोनच्या जोड्यांत लावलं, दमलेल्या मध्ये, तयारीच्या पुढे, आणि पुढच्या थोड्या थोड्या वेळाने बदलत राहिल्या. पुढचीच्या मागे नीट राहिलं की वारा किती कमी लागतो हे मी पहिल्यांदा अनुभवलं, पण अंतर सांभाळून, तिच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक लागलं की पडतो ते आपणच. खड्डा दिसला की पुढची हाताने दाखवते, मागून गाडी आली की शेवटची ओरडते, आणि तो आवाज मागून पुढे एकेकीच्या तोंडून जातो. शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये मी पण ओरडत होते.

पाचपैकी चार स्टार देतेय, एक सीट आणि तो सपाट रस्ता यांचा कापला. त्यांना हे सगळं कळवलंय, पुढच्या वेळी पाऊण तास आधी बोलावून प्रत्येकीची सीट लावून देऊ असं उत्तर आलंय. पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीला घेऊन जाणार आहे. ती माझ्यापेक्षा बरीच बुटकी आहे आणि तिला सायकलवर भीती वाटते, त्यामुळे तिची सीट मीच लावणार, टाच पॅडलवर ठेवून.