फॉर्म २० : फुकट, मोलाचा आणि हाताळायला किचकट

२०२४च्या लोकसभेला महायुतीच्या पदरात महाराष्ट्रातल्या ४८ पैकी १७ जागा पडल्या. मराठवाड्यात तर ८ पैकी ७ गेल्या, हाती राहिलं एक औरंगाबाद. अंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर (१ सप्टेंबर २०२३) पेटलेला मराठा-ओबीसी वाद, सोयाबीनचे पडलेले भाव, संविधान बदलतील ही धास्ती अशी कारणं पारावरही ऐकू येतात. ती आकड्यांवर घासून बघायची, तर निवडणूक आयोगाची विनामूल्य सेवा, म्हणजे केंद्रनिहाय मतांचे तक्ते, वापरावी लागते. ती कितपत कामाची, हे बीडवर तपासता येतं. तिथे राष्ट्रवादीच्या (शरद पवार गट) बजरंग सोनवणे यांनी भाजपच्या पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला.

आयोगाचं निकालाचं संकेतस्थळ मतमोजणीच्या दिवसापुरतं उत्तम. ईव्हीएमची मतं, टपाली मतं, टक्केवारी, नोटा (‘यापैकी कोणीही नाही’ची मतं) सगळं एका पानावर मिळतं. पण नाराजी कुठल्या पट्ट्यात होती, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरचा फॉर्म २० उघडायचा. यात प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ आणि प्रत्येक उमेदवाराचा एक रकाना असतो. लोकसभेला हा तक्ता विधानसभा क्षेत्रानुसार निघतो, म्हणजे बीडसाठी गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी असे सहा तक्ते. परळी-आष्टीने मुंडेंना आघाडी दिली आणि बीड-गेवराईने ती खाऊन टाकली, हे चित्र इथेच स्वच्छ दिसतं.

खरी डोकेदुखी पीडीएफची. अनेक तक्ते स्कॅन केलेले असतात. बीडला ४१ उमेदवार होते, त्यामुळे एका केंद्राची ओळ आडवी पसरते आणि मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर रकाने सरकवतं, ३चा ८ करतं. उपाय साधा : प्रत्येक ओळीत उमेदवारांच्या मतांची बेरीज वैध मतांशी जुळवा, त्यात नोटा मिळवून एकूण मतांशी जुळवा. सहाही तक्त्यांच्या ईव्हीएम मतांत टपाली मतं मिळवली की अंतिम आकडा यायला हवा. टपाली मतं केंद्रनिहाय नसतात, ती शोधत बसू नका.

२०१९च्या केंद्र क्रमांकासमोर २०२४चा तोच क्रमांक ठेवणं ही नेहमीची चूक. मतदार वाढले की केंद्रं फुटतात आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. दोन्ही वर्षांच्या केंद्रयाद्या घेऊन गावाच्या नावाने जुळवणी करा, एका गावातली सगळी केंद्रं एकत्र करा, मगच तुलना करा.

रकान्यात चिन्ह नसतं, हीसुद्धा मोठी उणीव. बीडमध्ये ‘तुतारी’ चिन्हाच्या एका अपक्षाला ५० हजारांहून जास्त मतं पडली. सोनवणेंचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. चिन्हांची यादी शेजारी न ठेवता वाचणारा याला सरळ अपक्षांची लाट म्हणून मोकळा होईल.

आणि जात? ती या तक्त्यात कुठेच नाही. मतदार यादीतल्या आडनावांवरून केंद्राची जात ठरवून ‘अमक्या समाजाने इतके टक्के दिले’ असं छातीठोक सांगणारे विश्लेषक टीव्हीवर पुष्कळ. एका केंद्रावर अनेक समाज एकाच यंत्रात मत देतात. कुणी कुणाला दिलं, ते यंत्र सांगत नाही. एकाच जातीच्या वस्तीचं केंद्र असेल तर अंदाज बांधता येतो, पण ते लोक भावावर चिडले की आरक्षणावर, हे मतदानोत्तर सर्वेक्षणालाच विचारावं लागतं.

या सेवेचा सगळ्यात गंभीर दोष मात्र तिच्या पारदर्शकतेतच आहे. कुठल्या गावाने ‘आपल्याला’ मत दिलं नाही, हे नेत्याला दुसऱ्याच दिवशी कळतं. बीडच्या निकालानंतर दुसऱ्या समाजाच्या दुकानांवर बहिष्काराच्या शपथा घेतल्याच्या बातम्या आल्याच होत्या. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र आयोगाने २००८मध्येच सुचवलं, विधी आयोगाने २०१५मध्ये त्याला पाठिंबा दिला, पण केंद्र सरकारने ते मानलं नाही. ते आलं तर अभ्यासकाचा बारीक तपशील जाईल. लहान गावांसाठी तो सौदा परवडण्याजोगा वाटतो. तोवर निदान स्कॅनऐवजी एक्सेल फाइल द्यायला आयोगाची काय हरकत आहे?