बोटीच्या टॉयलेटच्या नावाखाली पितळ गळ्यात मारणारा 'मरीनवाला' – नाशिककरांनो, जपून

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये राहून शिडाची बोट बाळगणारे मोजकेच (हसू नका, आहोत आम्ही), पण मुंबईला नाहीतर मांडव्याला जुनी बोट ठेवून इथनं फोनवर कारभार बघणारे जे कोणी आहेत त्यांच्यासाठी लिहितोय, कारण एक 'मरीन फिटिंग'वाला सध्या आपल्या गावात गिऱ्हाईक शोधत फिरतोय. नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे.

आमची बोट तिघा मित्रांत मिळून, २८ फुटी, फायबरची, इंग्लंडात बनलेली नि चांगलीच जुनी, आणि टॉयलेटही तेव्हाचंच, चिनी मातीचं भांडं आणि बाजूला दांडा मारायचा गनमेटलचा (म्हणजे मुख्यतः तांबं नि त्यात थोडं कथील, शिसं, जस्त असा मिश्रधातू) हातपंप. दुखणं एवढंच होतं की पंप जड जायला लागला आणि बाहेर ढकललेलं पाणी थोडं थोडं परत भांड्यात यायचं. ज्यांनी हे काम केलंय ते लगेच सांगतील की याची कारणं बहुतेक वेळा दोनच, एक म्हणजे बाहेर जायच्या वाटेवरचा जोकर व्हॉल्व्ह, रबरी चोचीसारखा असतो तो ढिला पडतो, आणि दुसरं म्हणजे लघवी नि समुद्राचं पाणी एकत्र आलं की पाइपात आतून कॅल्शियमचा थर चढतो, गिझरच्या कॉइलवर चढतो तसा, मग ३८ मिलिमीटरचा पाइप आतून निम्माच उरतो. रबराचा किट बदला, पाइप बदला, विषय संपला. या पठ्ठ्याने पंप उघडलासुद्धा नाही. दांडा दोनदा हलवला नि म्हणाला, "सर हा गेला, याचे पार्ट आता मिळत नाहीत, पूर्ण सेटच टाकू."

आणि बोलायला इतका गोड की विचारू नका. गंगापूर धरणावरच्या बोटींची कामं केलीत म्हणून फोटो दाखवायचा. फोटो खरे असतीलही, पण धरणाचं पाणी गोडं आणि तिथल्या छोट्या बोटींना टॉयलेट नसतंच! गोड्या पाण्यात पितळी व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं चालतो. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतं ते गुलाबीसर, भुसभुशीत तांबं, दिसायला धड पण एक दिवस हँडलसकट हातात येणारं. आणि टॉयलेटच्या पाइपाचा हा व्हॉल्व्ह, म्हणजे सीकॉक, बोटीच्या बुडाला भोकावरच बसवलेला असतो हो. ३८ मिलिमीटरचं भोक पाण्याखाली अर्ध्या मीटरवर उघडं पडलं तर मिनिटाला शंभर लिटरच्या वर पाणी आत येतं, बादलीने उपसून बघा मग.

कोटेशन दिलं ६८ हजारांचं. त्यात गनमेटलचा सीकॉक, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा, सॅनिटेशन होज (वास बाहेर न सोडणारा टॉयलेटचा पाइप), अँटी सायफन लूप (बाहेरचं पाणी उलटं आत ओढलं जाऊ नये म्हणून उंच नेलेला पाइप), इंपोर्टेड टॉयलेट, वर जुना माल उचलून न्यायचे वेगळे ३ हजार. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं म्हणून आज बोलायला तरी जागा आहे, कारण बिलावर फक्त "मरीन टॉयलेट सेट – १ नग" आणि खाली एक आकडा, जीएसटी नंबर नाही, ग्रेड नाही, काही नाही. बोट तेव्हा यार्डात वर काढलेली, आम्ही इकडे नाशकात, तो फोटो पाठवणार आणि आम्ही पैसे पाठवणार.

पहिल्यांदा बोंब मारली वासाने. सगळं घट्ट, कुठे गळती नाही, तरी केबिनमध्ये उभं राहवेना. याला एक सोपी टेस्ट आहे, फडकं गरम पाण्यात भिजवून पिळायचं, पाइपाला गुंडाळायचं, गार झालं की काढून हुंगायचं (हो, हुंगायचं, इलाज नाही). फडक्याला वास आला तर पाइपाच्या भिंतीतूनच वास पाझरतोय. आमचं फडकं हातात धरवेना. सॅनिटेशन होज म्हणून जे लावलं होतं तो शेतातल्या मोटरीला लावतात तसला साधा सक्शन पाइप, रंग पांढरा एवढंच. क्लिपांवर तांबेरा. यात एक गंमत सांगतो, लोकं चुंबक लावून स्टील तपासतात, त्याचा इथे उपयोग नाही, ३०४ आणि ३१६ दोन्हींना चुंबक चिकटतच नाही म्हटलं तरी चालेल. फरक मॉलिब्डेनमचा, ३१६ मध्ये ते दोन-तीन टक्के असतं, आणि खाऱ्या हवेत तेच कामाला येतं.

अँटी सायफन लूप म्हणून नुसता पाइप वाकवून वर बांधलेला. हवा घ्यायचा व्हॉल्व्हच नाही त्यात! भांडं पाण्याच्या पातळीखाली असेल तर असल्या लूपचा काय उपयोग, एकदा सायफन लागला की पाणी आपोआप आत येत राहतं, आमच्या भांड्यात ते रात्रभरात काठापर्यंत आलेलं. इथे मात्र मी हादरलो.

पुढच्या पावसाळ्यात बोट वर काढली तेव्हा सीकॉक खोलून नाशिकला आणला. चाकूने खरवडलं तर आत गुलाबी. भांडी बाजारातल्या एका म्हाताऱ्या तांबटकाकांना दाखवला, त्यांनी कानशीचे दोन हात मारले नि म्हणाले, "बाबा हे पितळ हाये, गनमेटल लालसर असतं." तरी कागद हवा म्हणून अंबडला एका लॅबमध्ये स्पेक्ट्रो टेस्ट (धातूत काय किती आहे ते सांगणारी) केली. आपल्याकडे सातपूर-अंबडला ही सोय हाताशी आहे, खर्च फार नाही, तर फिटिंग बोटीला लागायच्या आधी हातात घेऊन थेट तिथे न्या. रिपोर्टमध्ये तांबं ५८ टक्के, जस्त ३९, बाकी बहुतेक शिसं. नेहमीच्या गनमेटलमध्ये तांबं ८५ च्या आसपास आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५ असतं. रिपोर्ट पाठवला तर उत्तर काय, "सर, एकाच फॅमिलीतले मेटल आहेत." मग फोन बंद.

ग्राहक आयोगात तक्रार टाकलीये. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे काम मुंबईत झालं तरी नाशिकला चालतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची, ती मात्र सांभाळा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघायलाही हरकत नाही.

आणि ज्या पंपाचे "पार्ट मिळत नाहीत" म्हणून ३ हजार घेऊन उचलून नेला, तो परवा मित्राला ऑनलाइन जुन्या सामानाच्या जाहिरातीत दिसला. दांड्यावर आम्ही सातपूरला मारून घेतलेलं वेल्डिंग तसंच, म्हणून ओळखला. ब्रासो मारून चकचकीत केलेला, किंमत २२ हजार, खाली लिहिलंय "फुल वर्किंग कंडिशन". स्क्रीनशॉट तक्रारीला जोडलाय.