केसांवरच्या 'पॅकेज'पायी गेलेले २१,५०० रुपये

गेल्या वर्षी वजन उतरवण्याच्या नादात मी भाकरी, डाळ, उसळी जवळजवळ सोडल्या. त्यातच सासूबाईंचे आजारपण आणि मार्चअखेरच्या कामाचा ताण आला. दोन-तीन महिन्यांनी विंचरताना केसांचे पुंजके हातात येऊ लागले, उरलेले मधूनच तुटू लागले.

सांगलीत विश्रामबागेतील एका केंद्राने 'मोफत तपासणी'ची जाहिरात केली होती. तेथे नोंदणीचे ५००, सहा महिन्यांच्या तेलाच्या पॅकेजचे १८,६०० आणि 'शरीरशुद्धी'च्या पावडरीचे २,४०० असे २१,५०० रुपये माझ्याकडून काढण्यात आले. (तपासणी मोफत, नोंदणी मात्र नव्हे.)

पांढऱ्या कोटातील मुलीने डोक्यावर कॅमेरा फिरवला आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, निम्मी मुळं मेलीत, आणखी महिनाभर थांबलात तर आमच्याही हातात काही राहणार नाही." पडद्यावरच्या त्या केसांना मेंदीचा तांबूस रंग होता, आणि मी केसांना मेंदी कधीही लावलेली नाही! रंग मला दिसला होता. उजेडामुळे वाटत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मात्र रोज न्हाणीच्या जाळीवरचा स्वतःच्याच केसांचा गुंता उचलणाऱ्या बाईने त्या क्षणी चित्राची शहानिशा करायला हवी होती, असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही.

पुढे मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) व थायरॉइडची तपासणी केली. उपासमार किंवा ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी होणाऱ्या अशा गळतीत मुळे मरत नाहीत, आहार सावरला की केस बहुधा काही महिन्यांत परत येतात, असे त्यांनी सांगितले. पॅकेज सहा महिन्यांचेच का, हे तेव्हा उमगले: केस आपोआप येणार आणि श्रेय तेल लाटणार. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा, थायरॉइडचे आकडे चुकू शकतात.

पोलीस ठाण्यात "हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगाकडे जा" असे ऐकवले. औषधांच्या कार्यालयात बाटलीवर परवाना क्रमांक नाही म्हणून तक्रार घेईनात. परवाना नाही हीच माझी तक्रार आहे, हे त्या साहेबांना पटवता पटवता जेवणाची सुट्टी झाली, आणि सुट्टीनंतर साहेब 'फिल्डवर' गेलेले होते. दुसऱ्या टेबलावर पक्की पावती मागितली. केंद्राने तर कोऱ्या चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला होता. पैसे रोख देऊ नका आणि उत्पादकाचा पत्ता नसलेली बाटली घरात आणू नका. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

केंद्राला आता कुलूप आहे. जागामालक म्हणतात, भाडे त्यांचेही बुडाले.