जुना बाजार, मंगळवार पेठ : चुंबक न्या, यादी नेऊ नका

आधी मार्क देऊन टाकते म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. पाचपैकी चार. एक कशाला कापला ते ओघात येईलच.

जुना बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी, कुंभार वेशीकडून शाहीर अमर शेख चौकाकडे जाताना. अख्खा जन्म पेठेत काढला आणि तिथे एकदाही पाय ठेवला नाही अशी माणसं पुण्यात कमी नाहीत, विचारलं की म्हणतात छे गं तिथे सगळा चोरीचा माल, आणि हेच लोक मॉलमधून 'अँटिक फिनिश' लिहिलेलं कोरं करकरीत घंगाळं हजारो रुपये मोजून आणतात आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या तरंगवतात. असो.

लिहायला निमित्त झालं माझ्या मावसबहिणीचं. ती असते इंग्लंडमध्ये, लेस्टरला, इकडे आली की बॅग उघडून एकेक वस्तू दाखवते आणि प्रत्येक वेळी शेवटी किंमत सांगते, तीही अशा थाटात की जणू लढाई मारून आलीय. सगळं चॅरिटी शॉपमधलं. तिकडे बाजारपेठेत ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, बर्नार्डोज अशा संस्थांची दुकानं असतात, लोक घरातलं नको झालेलं आणून देतात, काउंटरला बरेचदा रिटायर झालेली मंडळी बिनपगारी उभी असतात, आणि येणारा नफा संस्थेच्या कामाला जातो. दान आलेल्या वस्तू विकताना त्यांना व्हॅटही शून्य टक्के लागतो. ताईचा नियम एकच, श्रीमंत वस्तीतलं दुकान गाठायचं, कारण तिथले लोक टाकतातच चांगलं. पण हल्ली तिचीही कुरकुर सुरू झालीय, दुकानवाले म्हणे ब्रँड बघतात, ऑनलाइन भाव बघतात आणि मगच किमतीची चिकटपट्टी लावतात, त्यामुळे घबाड हाती लागेनासं झालंय.

तिला म्हटलं चल, तुला पुण्यातलं दाखवते.

आता आपल्याकडे असं दान दिलेल्या वस्तूंचं दुकान गल्लोगल्ली नसतं हे खरं. साड्या बोहारणीला, भांडी मोडीत, पेपर-पुस्तकं रद्दीत, आणि उरलेलं माळ्यावर, ही आपली पद्धत. पण मोडीत आणि बोहारणीकडे गेलेल्या मालाचं पुढे काय होतं? सगळंच काही वितळत नाही आणि चिंध्या होत नाही. त्यातलं जे अजून वापरण्यासारखं असतं ते फिरत फिरत जुन्या बाजारातल्या प्लास्टिकच्या ताडपत्रीवर येऊन पडतं. त्यात पेठांमधले वाडे पडतायत, तिथल्या कड्या-कोयंडे, पितळी बिजागऱ्या, सागवानी फडताळाची दारं, फिरकीचे दिवे, सगळं यायला लागतं. मिलिटरी टाइप बॅगा आणि बूट, पिंपरी-भोसरीच्या वर्कशॉपांमधून निघालेली हत्यारं, चार्जर, रिमोट, एकाच पायाचे बूट (खरंच, घेतं कोण देव जाणे), कुलपं, कुलपं नसलेल्या किल्ल्या, किल्ल्या नसलेली कुलपं.

आता मुद्द्याचं. या बाजारात दोन प्रकारचे विक्रेते आहेत आणि हे कळलं की अर्धी शिकार झालीच. एक म्हणजे ज्यांना माहितीय आपल्याकडे काय आहे. त्यांची मांडणी बघूनच कळतं, ग्रामोफोनचा कर्णा चकचकीत घासलेला, कंदील ओळीने, होकायंत्र, दुर्बीण, टेलिफोन. या लोकांकडे जा, बघा, गप्पा मारा, पण स्वस्त काही मिळेल ही आशा सोडा, कारण ते तुमच्यापेक्षा हुशार आहेत, हॉटेलवाले आणि सिनेमाच्या सेटवाले काय देतात ते त्यांना पाठ असतं. शिवाय त्यातलं बरंच नवंच बनवून जुनं केलेलं. दुसरे म्हणजे जे किलोवर घेतात आणि नगावर विकतात. त्यांच्या डोक्यात वस्तूचा भाव नसतो, धातूचा असतो. तुम्हाला त्यात सोऱ्या दिसतो, त्यांना पावणेदोन किलो पितळ दिसतं. या दोन नजरांच्या मधे जी फट आहे ना, तीच तुमची कमाई. माझं सगळं लक्ष या दुसऱ्या लोकांच्या ढिगाऱ्यावर.

सोऱ्याचंच सांगते. ढिगात खाली पितळी सोऱ्या होता, आट्यांचा, वरची मूठ फिरवली की दट्ट्या खाली जाणारा. काळाकुट्ट. खिशातलं चुंबक लावलं, चिकटलं नाही. हे चुंबक म्हणजे फ्रिजवर लावतो तेच, पण न विसरता न्या, लोखंडावर पितळी मुलामा दिलेल्या वस्तू ढिगाने असतात आणि चुंबक त्यांची पोल एका सेकंदात उघडतं. मग आटे बघितले, झिजलेले नव्हते. मग दट्ट्या आत घालून हलवून बघितला, कारण दट्ट्या आणि भिंतीत फट असली की पीठ खालून चकली होऊन यायच्या ऐवजी वरून बाहेर येतं आणि दिवाळीच्या आदल्या रात्री घरात भांडणं होतात. नव्हती फट. तळाकडच्या पट्टीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, नाव पुसट झालेलं पण 'हिच्या विवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट' स्वच्छ वाचता येत होतं आणि खाली साल १९६८. ताई तर तिथेच उकिडवी बसली वाचत. पण आत चकती एकच, शेवेची. चकलीची चांदणी गायब.

विकणारी मावशी म्हणाली, "चकती त्या पोत्यात बघ की, असंल."

पोतं म्हणजे काय सांगू, स्टोव्हचे बर्नर, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या, नळाच्या तोट्या, गिरमिटाची पाती, सगळं एकत्र. आम्ही दोघी रस्त्यावर बसून ते उपसतोय, ताईच्या हाताला काळं लागलंय आणि ती इतकी खूश की मी तिला आयकियात इतकी खूश बघितलेली नाही. चार-पाच चांदण्या निघाल्या, एक सैल, एक मोठी, एक ॲल्युमिनियमची, आणि शेवटी एक बसली फिट्ट, टक् करून आवाज आला.

मावशी साडेनऊशे म्हणाली. इथे घासाघिशीबद्दल माझं मत सांगते, पटत नसेल तर सोडून द्या. जो माल वजनावर घेतलेला असतो त्याला एक तळ असतो, भंगारवाला तसाही तिला पितळेचा भाव देणारच आहे, त्याखाली ती कशाला येईल? म्हणून हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यायचा, त्या दिवशीचा मोडीचा भाव मोबाइलवर बघायचा, त्याच्यावर थोडं जास्त द्यायचं आणि गप्प घ्यायचं. नव्या पितळी सोऱ्याची किंमत माहितीय ना? मग शंभर रुपयांसाठी उन्हात बसलेल्या बाईशी अर्धा तास हुज्जत घालण्यात कसली आलीय मर्दुमकी. ताईला हे फार विचित्र वाटलं, म्हणाली आमच्याकडे तर भाव कमी करायला कुणी सहसा विचारतच नाही, पैसे संस्थेला जातात ना. मी म्हटलं इथे मावशीच्या घरी जातात, मग हिच्याशी घासाघीस करताना जास्त लाज वाटायला हवी की कमी? नऊशेला घेतला, चांदणी त्यातच.

बाजारातून तांबट आळी जवळच आहे, कसबा पेठेत. पोचा आलेलं तांब्या-पितळेचं काही घेतलंत तर तिथे दाखवा, मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून भांडं घडवणं, करणारे हात अजून आहेत तिथे, ऐकत उभं राहिलं तरी वेळ वसूल. आणि शिजवायची भांडी असतील तर कल्हई करून घेतल्याशिवाय वापरू नका, विशेषतः आमटी-ताक-चिंच असलं आंबट. कथील २३२ अंशालाच वितळतं, म्हणून कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकून कापसाने ते सहज फिरवतो, पण त्याच कारणाने रिकामं भांडं गॅसवर विसरलात की कल्हईची वाट लागते.

बिडाचा तवा, आप्पेपात्र दिसलं तर गंजाला घाबरू नका, गंज घासून जातो आणि तेल पाजलं की तवा परत उभा राहतो. तडा मात्र चालत नाही. बोटाच्या पेराने वाजवून बघा, खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर ठेवा. चिनीमातीच्या बरण्यांनाही हीच परीक्षा.

हत्यारांचा भाग बायका टाळतात, टाळू नका. माझ्या घरातली टापरियाची पकड, पाने, कानस सगळं इथलं. नव्या चकचकीत सेटमध्ये आठ वस्तू असतात आणि पहिल्याच नटावर त्यातला पाना फाकतो, त्यापेक्षा वर्कशॉपमध्ये वीस वर्षं राबलेला एक पाना चांगला. पकडीचे दात बघा, जबडा मिटून उजेडात धरा, फट सरळ दिसली पाहिजे. रविवारी इथे लेथवर काम करणारे लोक येतात, ते व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) कसा उघडमीट करून बघतात ते शेजारी उभं राहून बघत जा, फुकट शिकवणी.

आता जिथे हात आखडायचा ते. एचएमटीची घड्याळं. जनता, पायलट, कोहिनूर. कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर घड्याळं काढायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये सरकारने घड्याळांचा कारखाना बंद करायचं ठरवलं, त्यानंतर सगळ्यांनाच अचानक आजोबांची आठवण यायला लागली. बाजारात जी लालभडक, पोपटी, मोरपंखी डायलची 'जनता' दिसते ती आजोबांनी बघितली असती तर ओळखली नसती. आतलं मशीन जुनं, डायल नव्याने रंगवलेली. घड्याळं जमवणारे याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. रोज घालायला हौसेने घ्या, चालतं छान, पण जुनी डायल समजून पैसे देऊ नका, खालची बारीक अक्षरं पसरट दिसली की समजायचं.

नाणी तर बघूच नका, म्हणजे बघा पण पाकीट आत ठेवून. ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून १८१८ साल आणि मागे रामदरबार असलेलं नाणं कुणीतरी तुमच्या हातावर ठेवेलच, वर सांगेल की हे तांदूळ ओढतं, चमत्कारी आहे, लाखात जातं. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. जुनी मूर्ती दिसली तरी लांब रहा, शंभर वर्षांवरच्या मूर्ती-चित्रांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो आणि विकणाऱ्याकडे परवाना लागतो, उगाच झेंगट.

मोबाइल, लॅपटॉप बिलाशिवाय नाही म्हणजे नाही. चोरीचा माल हा आक्षेप इथे मात्र डोक्यात ठेवायचाच. अगदीच मोह झाला तर पैसे द्यायच्या आधी इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून स्पेस देऊन पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर, १४४२२ ला एसएमएस करा, फोन ब्लॅकलिस्टमध्ये असेल तर कळतं. हेल्मेटही नको, एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसतं आणि आतलं थर्माकोल दबलेलं असतं, तिथे दोनशे रुपये वाचवून काय करणार.

कपड्यांत मी फारशी जात नाही, ताई गेली, एक खादीचं जाकीट घेऊन आली, शिवण उलटून बघितली तर हाताची निघाली. तिचं म्हणणं, लेस्टरच्या दुकानात हेच इस्त्री करून, सुगंध फवारून हँगरवर लावलं असतं. इथे ते ढिगात होतं आणि त्याला दुसऱ्याच कुणाच्या तरी अत्तराचा वास होता. दोन वेळा गरम पाण्यात, कडक ऊन, झालं.

एक मार्क कापला तो सावलीचा आणि पार्किंगचा. मार्चनंतर अकरा वाजले की डोकं तापतं, रविवारी तर गर्दीत बसून ढीग उपसणं अवघड. गाडी आणूच नका, मेट्रोने मंगळवार पेठ स्टेशनला उतरा आणि चालत या. निवांत बघायचं असेल तर बुधवार, माल जास्त हवा असेल तर रविवार सकाळ. यूपीआय बऱ्याच जणांकडे आलंय तरी दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा ठेवा. आणि खांद्याला साधी कापडी पिशवी असू द्या. ताईच्या गळ्यातली ती भारी लेदरची पर्स बघून मावशीने साडेनऊशे सांगितले होते, पैसे देऊन झाल्यावर तिनेच हसत सांगितलं, एकटी आली असतीस तर आठशे म्हणले असते.