घराचं रिनोव्हेशन: टिकाऊ कुठे, हौस कुठे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सध्या तीन फ्लॅटचं काम निघालंय. जिन्याखाली राडारोड्याच्या गोण्या रचल्यात. परवा त्यातल्या एका फाटक्या गोणीतून जुन्या मोझॅकचा तुकडा पडला होता. राखाडी सिमेंट, त्यात पांढऱ्या, तांबूस, काळ्या संगमरवरी चिपा. शेजारीच त्या घरात बसणाऱ्या नव्या टाइलची खोकी होती: 2 बाय 4 फुटी व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजून काचेसारखी घट्ट केलेली, वर छापलेलं डिझाइन टेराझोचं. टेराझो म्हणजे मोझॅकच की! खरी फरशी फोडून तिचं छापील चित्र विकत आणलं होतं. मला खरंच वाईट वाटलं.

आई-बाबांचा फ्लॅट आम्ही सहा वर्षांपूर्वी केला. तेव्हापासून कुणीही सल्ला विचारला की मी एकच उलटा प्रश्न विचारते: पुढे कंटाळा आला, तर हे काढायला छिन्नी-हातोडा लागेल की स्क्रू ड्रायव्हर? छिन्नी लागणार असेल तर जुनं, पारखलेलं घ्या. स्क्रू ड्रायव्हरने भागणार असेल तर मनसोक्त हौस करा. माझा सगळा हिशेब याच प्रश्नावर बेतलेला आहे.

फरशी: जुनं मोझॅक की नवी व्हिट्रिफाइड

मोझॅकच्या फरशीत वरचा चिपांचा थर साधारण 5-6 मिलिमीटर असतो. मशीनवर जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत चढत्या क्रमाने घासत गेलं, शेवटी ऑक्झॅलिक अॅसिडचा हात दिला, की तीस वर्षांची फरशी परत उजळते. घरभर चिखलासारखी स्लरी होते, आठवडाभर हाल होतात, हे खरं. पण आई-बाबांच्या हॉलमध्ये पॉलिशवाल्याने पहिला फडका मारला आणि देवघरासमोरच्या, रोजच्या वावराने काळवंडलेल्या चार फरश्यांतून गुलाबी चिप वर आली, तेव्हा आई खाली बसून त्यावरून हात फिरवत राहिली.

व्हिट्रिफाइडची बाजूही भक्कम आहे. ती पाणी जवळजवळ पितच नाही, हळद-तेलाचे डाग धरत नाही, दर काही वर्षांनी पॉलिश मागत नाही. घेणार असाल तर ग्लेझ्ड आणि डबल चार्ज यातला फरक दुकानात विचारून घ्या. ग्लेझ्डमध्ये डिझाइन वरच्या पातळ थरात छापलेलं असतं. डबल चार्जमध्ये रंगाचा थरच 3-4 मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे खुर्च्या सरकवून आलेले ओरखडे तितके उठून दिसत नाहीत. मात्र तिच्यात डिझाइनं मोजकीच मिळतात. माझं मत विचाराल तर तो गुणच आहे. साध्या फिक्या रंगाची फरशी कुठल्याही सोफ्याशी जुळते. संगमरवराच्या मोठमोठ्या सोनेरी शिरा असलेली फरशी मात्र घरातल्या प्रत्येक वस्तूशी भांडते. घरात वयस्कर माणसं असतील तर चकचकीत फिनिशच्या वाटेला जाऊ नका, मॅट घ्या.

न फोडता फरशीवर फरशी बसवण्याचा पर्यायही सुचवला जातो. राडारोडा वाचतो, पण पातळी अर्धा-पाऊण इंच वर येते, सगळी दारं खालून कापावी लागतात आणि स्लॅबवर चौरस मीटरला 20 किलोहून जास्त वजन वाढतं. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

मोझॅक धड असेल, पोकळ आवाज येत नसेल आणि भेगा नसतील तर ठेवा. खचलं असेल तर निरुपाय आहे, काढा.

ओटा: काळा ग्रॅनाइट की पांढरा क्वार्ट्झ

इथे माझं मत ठाम आहे: ग्रॅनाइट.

जुन्या घरांत ओट्याला कडप्पा असायचा. तो चुनखडीचा दगड, त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम सांडलं की पांढरट चट्टा उठायचा. ग्रॅनाइटला आंबटाचं भय नाही. फोडणीची कढई गॅसवरून उतरवून थेट ओट्यावर ठेवली तरी चालते. क्वार्ट्झ म्हणजे दगडाची भुकटी रेझिनमध्ये घट्ट दाबून केलेला पाट. तो सच्छिद्र नसतो, रंग एकसारखा असतो आणि दिसतो सुंदर, यात वादच नाही. पण रेझिनला उष्णता सोसत नाही. गरम कुकर टेकला तर कायमचा डाग पडू शकतो. आपल्या स्वयंपाकात दिवसातून किती वेळा गरम भांडं खाली उतरतं, ते एकदा मोजून बघा. शिवाय पांढऱ्यावर हळद सांडली की आधी फडकं शोधायला धावायचं. हे रोज जमणार आहे का?

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या कृत्रिम दगडावर बंदी घातली, कारण तो कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होत होता. या दगडात सिलिकाचं प्रमाण 90 टक्क्यांच्याही वर असू शकतं. ग्रॅनाइटमध्ये कमी, पण असतं. दगड कुठलाही घ्या, बाल्कनीत कोरडा कटर चालवू देऊ नका. पाणी सोडत कापायला सांगा आणि कारागिराला साधा रुमाल नाही, चांगला मास्क आणून द्या. तो मुलगा हे काम रोज करतो.

ओट्याखालच्या ट्रॉल्यांत मात्र हौसेला भरपूर वाव आहे. सांगाडा चांगल्या प्लायचा करा. सिंकखाली तरी आयएस 710 या भारतीय मानकाचं, म्हणजे बॉइलिंग वॉटरप्रूफ प्लाय हवंच. शटर हवं त्या रंगाचं घ्या: सेज ग्रीन, टेराकोटा, जे आवडेल ते. आजकालच्या कपाटांच्या बिजागरीला 35 मिलिमीटरचं भोक लागतं आणि ते ठरलेलं माप आहे. सांगाडा नेहमीच्या मापात असेल तर सात-आठ वर्षांनी नुसती शटरं बदलून स्वयंपाकघर नवं करता येतं.

बाथरूम: भिंतीच्या आत की बाहेर

इथे आम्ही चुकलो. नळांची जोडणी भिंतीत लपवणारा कन्सील्ड डायव्हर्टर बसवला. दिसायला नीटस, भिंतीवर फक्त एक चकती. चौथ्या वर्षी आतून गळायला लागला. त्या मॉडेलचा आतला भाग मिळेना, कारण कंपनीने ते बंद केलं होतं. टाइल फोडल्या, आणि त्या शेडच्या टाइलही बाजारात उरल्या नव्हत्या. आज तिथे चार वेगळ्या टाइलचं ठिगळ आहे. भिंतीबाहेर बसणारा साधा वॉल मिक्सर असता, तर प्लंबरने पान्याने अर्ध्या तासात बदलला असता.

भिंतीला टांगलेल्या कमोडचं मात्र मी समर्थन करते, कारण खालची फरशी पुसता येते. अट एकच: आतल्या टाकीची दुरुस्ती फ्लशच्या पट्टीच्या खिडकीतून करता आली पाहिजे, आणि ते दुकानात उघडून दाखवायला सांगायचं. काळे मॅट नळ सुंदर दिसतात आणि सहज बदलता येतात, पण तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर त्यावर पांढरे क्षार लगेच दिसतील. क्रोमवर ते कमी जाणवतात.

उघडं स्वयंपाकघर

भिंत पाडणं ही सगळ्यात मोठी छिन्नी. ती भिंत भार पेलणारी आहे का, हे इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय हात लावू नका. सोसायटीची परवानगीही लागतेच. मोहरी-हिंगाची फोडणी आणि सुकटीचा वास सोफ्यापर्यंत येणार, मिक्सर चालू असताना फोनवर बोलता येणार नाही, हेही धरून चाला. दार-चौकट काढून तिथे अॅल्युमिनियमच्या बारीक चौकटीचं काचेचं सरकतं पार्टिशन लावलं तर उजेड येतो आणि वास अडतो. शिवाय नको झालं तर निघतं.

बाकीचं भराभर. फॉल्स सीलिंगने आधीच बुटक्या खोलीची पाच-सहा इंच उंची जाते, तेव्हा पूर्ण छत न झाकता फक्त वायरिंगपुरती कडेने पट्टी करा. भिंतीचा रंग, पडदे, दिवे, हँडल, उशांचे अभ्रे: इथे ट्रेंड खुशाल आणा. रंग दर चार-पाच वर्षांनी द्यायचाच असतो. एखादी भिंत गडद हिरवी केली आणि नाही आवडली, तर दोन दिवसांत पुन्हा पांढरी.

काम सुरू झालं की दोन गोष्टी न चुकता करा. प्रत्येक प्रकारच्या टाइलचं एक जादा खोकं माळ्यावर ठेवा, बॅच नंबर दिसेल असं. आणि पाइप-वायरी प्लास्टरखाली जाण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, टेप लावून, फरशीपासूनची उंची वाचता येईल असा.