साधा गडद गॉगल की पोलराइज्ड?

साधा गडद आणि पाण्यावरची झळाळी अडवणारा पोलराइज्ड, असे दोन्ही गॉगल मी काही वर्षे मालवणच्या खडपांवर (किनाऱ्यावरच्या खडकांवर) गळाने मासे गरवताना आणि खाडीपुलांवरून दुचाकीने जाता-येताना वापरले आहेत. माझे मत त्या दोन कामांपुरतेच समजावे.

अतिनील किरणांचा मुद्दा या निवडीत आणू नये. ‘यूव्ही ४००’ची खात्री असलेली साधी काचही ते अडवते, आणि काच पोलराइज्ड आहे एवढ्यावरून ती अडवीलच असे नाही.

साध्या गॉगलचा मला त्रास झाला तो एकाच गोष्टीचा. हिवाळ्यात दुपारी साडेतीनच्या सुमारास पाण्यावर पसरणारी पांढरी झळाळी गडद काचेतूनही डोळ्यांना खुपत राही; खडप, तंगूस (गळाची दोरी), पायाखालची कालवे काळवंडून जात आणि पाणी तेवढे पत्र्यासारखे चकाकत राही. आणखी गडद काच घेतली, तर शेवाळलेल्या दगडावर पाय कुठे ठेवावा हेच कळेना. साधी काच सगळा प्रकाश सारख्याच प्रमाणात कमी करते, त्यामुळे झळाळी आणि तिच्याखालचे दृश्य यांतील तफावत तशीच राहते. पाण्यावरून परावर्तित होऊन येणाऱ्या प्रकाशाची कंपने मात्र बहुतांशी आडवी असतात, आणि सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर असताना तर जवळजवळ पूर्णपणे आडवी. पोलराइज्ड काचेतील पटल नेमकी तीच शोषून घेते आणि उभी कंपने डोळ्यांपर्यंत येऊ देते. हा गॉगल लावून पहिल्यांदा बसलो, त्या दिवशी माझी गरी वारंवार जिथे अडकत असे ती पाण्याखालची कपार मला प्रथमच दिसली. मान कलती केली की झळाळी परत येते, हे तिथल्या तिथे करून पाहता येते.

दोष या गॉगललाही आहेत. किंमत बहुधा अधिक असते, आणि मोबाइल विशिष्ट कोनात धरला की पडदा काळा पडतो. होडीवर जीपीएसचा पडदा पाहावा लागणाऱ्यांना ही अडचण कदाचित माझ्यापेक्षा जास्त जाणवेल. त्यांनी आपल्या यंत्रासमोर लावून पाहिल्याशिवाय तो घेऊ नये. ज्यांचे काम पाण्याशी नाही, त्यांचे साध्यावरही भागेल. पाण्याकडे तासन् तास पाहणाऱ्याला मात्र मी पोलराइज्डच सुचवेन.

घेताना दुकानातल्या चकचकीत फरशीवरील उजेडाकडे काचेतून तिरपे पाहावे आणि गॉगल हातातच पाव फेरा फिरवावा. उजेड कमी-जास्त झाला नाही, तर ती काच पोलराइज्ड नाही.