ओल्या कचऱ्याचे खत: हवेशीर डबा, गांडुळांची पेटी की बोकाशीची बादली?

स्वयंपाकघरातील ओला कचरा घरीच जिरवायचा, असे मनाशी ठरवणे फारसे अवघड नसते. खोळंबा होतो तो पुढच्या पायरीवर, म्हणजे पद्धत निवडताना. हवेशीर डब्यात कुजवणे, गांडुळांकडून खत करून घेणे आणि बोकाशीच्या बादलीत आंबवणे, या तीन पद्धती घरगुती प्रमाणावर रुळलेल्या आहेत आणि प्रत्येकीचे समर्थक आपलीच पद्धत सर्वांत सोपी असल्याचे छातीठोकपणे सांगतात. त्यांच्यापैकी कोणी खोटे बोलत नाही; ज्याच्या घराला जी मानवली ती त्याला सोपी वाटते, इतकेच. माझे मत असे की ही निवड ओल्या कचऱ्याकडे पाहून करूच नये, कारण तो सर्वांकडे असतो. कोरडा पालापाचोळा किंवा पुठ्ठा नियमित मिळतो का, मोकळी माती हाताशी आहे का आणि घराला कुलूप किती दिवस लागते, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावीत.

प्रथम कचऱ्याचा अंदाज घेऊ. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता आणि तो दरडोई वर्षाला सरासरी ७९ किलो पडतो. साली, देठे, कवचे असा न खाण्याजोगा भागही त्यात धरलेला आहे. म्हणजे माणशी आठवड्याला दीड किलो आणि चौघांच्या घरात सहा किलो. हाच माल कचराभूमीच्या ढिगात हवा न मिळता सडला की त्यातून मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. अन्न वाया न घालवणे हे खत करण्यापेक्षा केव्हाही मोलाचे, कारण ते पिकवायला लागलेले पाणी आणि इंधन खताच्या रूपाने परत येत नाही. तरीही साली आणि देठे उरणारच, आणि येथे प्रश्न त्यांचा आहे.

हवेशीर डब्याची पद्धत तिघींत सर्वांत रांगडी आणि सर्वांत क्षमाशील आहे. थरावर थर रचून ढीग वरचेवर परतायचा, ही कल्पना शेतीत पूर्वापार असली तरी तिला शास्त्रशुद्ध शिस्त लावण्याचे बरेचसे श्रेय ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांच्या इंदूर येथील १९२४ ते १९३१ या काळातील कामाकडे जाते. ती आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तिच्यामागचे गणित समजून घेतले की निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन मुख्यतः इंधन म्हणून आणि नायट्रोजन शरीर बांधण्यासाठी लागतो, आणि नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे २५ ते ३० भाग असले की त्यांचे काम वेगाने चालते. भाज्यांच्या साली-देठांत हे प्रमाण साधारणपणे १५ ते २० असते, वाळलेल्या पानांत ४० ते ८०, तर पुठ्ठ्यात आणि लाकडाच्या भुशात काही शेकड्यांत. म्हणजेच नुसता ओला कचरा डब्यात टाकत राहिल्यास नायट्रोजन आणि पाणी दोन्ही जास्त होतात, पोकळ्या बुजतात, हवा संपते आणि ज्याला आपण ‘खत बिघडले’ म्हणतो ते घडते. ओल्याच्या एका भांड्यामागे कोरड्याची दोन ते तीन भांडी, हा मापाचा ढोबळ नियम बहुतेक घरांना पुरतो.

नाक हे या पद्धतीतले सर्वांत विश्वासू उपकरण आहे. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नायट्रोजन जास्त झाला, कोरडा माल घालावा. सडक्या अंड्याचा वास आला तर हवा कोंडली, ढीग परतावा. आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास आला तर सारे ठीक चालले आहे, कारण तो वास ॲक्टिनोमायसीट या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिनचा असतो. ओलाव्याची परीक्षाही हातानेच करावी. मूठभर मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त, आणि मूठ उघडताच मिश्रण भुरभुरले तर कमी.

या पद्धतीबाबत एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ढीग तापतो, ५५ अंश सेल्सियसच्या वर जातो आणि त्या उष्णतेने रोगजंतू व तणांच्या बिया मरतात, हे खरे. पण त्यासाठी ढीग साधारण एक मीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच लागतो. घरातला वीस-तीस लिटरचा डबा आपली उष्णता धरून ठेवू शकत नाही. तो कोमट होतो आणि तेवढ्यावर थांबतो. माझ्या डब्यातील खत ज्या कुंडीत पडले, त्या प्रत्येक कुंडीत महिनाभरात टोमॅटोची रोपे झुडपासारखी उगवली. त्यात नुकसान काही नाही, परंतु रोगट झाडांचे अवशेष किंवा पाळीव प्राण्यांची विष्ठा अशा डब्यात घालू नये. याच कारणाने ‘कंपोस्टेबल’ असे छापलेल्या पिशव्याही घरच्या डब्यात जशाच्या तशा राहतात. युरोपच्या ईएन १३४३२ या मानकानुसार त्यांची परीक्षा औद्योगिक खतप्रकल्पाच्या, म्हणजे सुमारे ५८ अंशांच्या तापमानाला सहा महिने होते, आणि तेवढी ऊब आपल्या डब्यात कधीच नसते.

वेळ किती लागेल? आठवड्यातून एक-दोनदा परतत राहिल्यास तीन-चार महिने, अजिबात न परतल्यास सहा महिने ते वर्ष. दोन-तीन आठवडे घर बंद राहिले तरी या डब्याचे काही बिघडत नाही. जाताना वर कोरड्या मालाचा जाड थर टाकला की झाले.

गांडुळांच्या पेटीकडे वळताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो: येथे आपण कचरा कुजवत नसतो, जनावरे पाळत असतो. बागेतली माती उकरून काढलेली गांडुळे या कामाला चालत नाहीत, कारण त्यांतली बहुतेक जमिनीत खोल बिळे करणारी किंवा मातीच खाणारी असतात. येथे आयसेनिया फेटिडा यासारखी पृष्ठभागावरच्या कुजक्या थरात राहणारी जात लागते. ती त्वचेवाटे श्वास घेते, म्हणून बिछाना सदैव ओलसर असावा लागतो. १५ ते २५ अंशांत ती सुखात असते आणि ३५ अंशांच्या पुढे मरू लागते. ज्यांच्या घराचा प्रत्येक कोपरा वर्षातले काही महिने यापेक्षा जास्त तापतो, त्यांनी हा पर्याय तेथेच सोडून दिलेला बरा.

आता क्षमतेचे गणित पाहू. रुळलेली गांडुळे दिवसाला आपल्या वजनाच्या सुमारे निम्मे अन्न संपवतात. अर्धा किलो गांडुळांनी सुरुवात केली तर रोज पाव किलो, आणि चौघांच्या घरातून तर रोज साडेआठशे ग्रॅमच्या आसपास कचरा निघतो. गांडुळांची संख्या चांगल्या परिस्थितीत दोन-तीन महिन्यांत दुप्पट होते, म्हणजे पेटी पूर्ण कुटुंबाला पुरी पडायला सहा महिने सहज लागतात. हा हिशेब सुरुवातीला कोणी सांगत नाही, आणि मग अतिउत्साहाने अन्न घातले जाते. पेटी मरते ती उपासमारीने क्वचित; बहुधा अजीर्णाने.

माझ्याकडूनही हेच झाले. घरी पाहुणे येऊन गेल्यावर साचलेला दोन दिवसांचा कचरा मी एकाच वेळी पेटीत रिकामा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उचलले तर त्याच्या आतल्या बाजूला गांडुळांची लालसर, ओली जाळी लटकत होती, कडेच्या भोकांतून काही बाहेर पडून फरशीवर वाळून गेली होती आणि बिछान्यात हात घातला तेव्हा तो चक्क गरम लागला. ताज्या अन्नाचा ढीग कुजताना तापला होता आणि त्यांना पळायला जागा उरली नव्हती. वरचा सगळा माल काढून टाकला, फाडलेला ओला पुठ्ठा भरला आणि झाकण उघडे ठेवून वर दिवा लावला, कारण गांडुळे उजेड टाळतात आणि खाली राहतात. उरलेली वाचली. त्यानंतर मात्र मी आधीचे अन्न ओळखू येईनासे झाल्याशिवाय पुढचे घातलेले नाही.

लिंबूवर्गीय फळांच्या साली, कांदा, तेलकट आणि खारट पदार्थ गांडुळांना सोसत नाहीत, त्यामुळे शिजवलेले उरलेसुरले अन्न जवळजवळ बादच होते. उलट बाजूला, पेटी व्यवस्थित चालत असेल तर दुर्गंधी नसते, परतण्याचे कष्ट नसतात, दोन-तीन आठवड्यांची गैरहजेरी गांडुळे निमूटपणे सोसतात आणि हाती येणारे खत तिघांत सर्वांत बारीक व रोपांना लगेच मानवणारे असते. गांडुळे नकोशी झाली म्हणून जवळच्या रानात सोडणे मात्र टाळावे. उत्तर अमेरिकेच्या ज्या उत्तरेकडील भागांत हिमयुगानंतर गांडुळेच नव्हती, तेथे बाहेरून आलेल्या गांडुळांनी जंगलातला पानांचा थर झपाट्याने संपवून तेथील वनस्पतींचे जीवनच बदलून टाकले आहे.

बोकाशी ही वेगळ्याच कुळीची पद्धत आहे. तिला सध्याचे रूप देण्यात जपानमधल्या ओकिनावातील र्‍युक्यू विद्यापीठाचे प्राध्यापक तेरुओ हिगा यांच्या १९८० च्या दशकातील कामाचा मोठा हात आहे. कोंड्यावर वाढवलेले लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू, यीस्ट वगैरे घेऊन ते ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर भुरभुरायचे, थर दाबून हवा काढायची आणि झाकण घट्ट लावायचे. पहिल्या दोन पद्धतींत जी हवा जीव की प्राण असते, ती येथे शत्रू ठरते. बादली भरल्यावर दोन आठवडे न उघडता ठेवायची. आत कचरा कुजत नाही, मुरतो. त्याची आम्लता इतकी वाढते की सडवणारे जिवाणू टिकत नाहीत. वर पांढरी बुरशी दिसली तर समाधान मानावे. हिरवी किंवा काळी दिसली तर हवा शिरली असे समजावे.

शिजवलेले अन्न, मांस, मासे, दुग्धजन्य पदार्थ हे सगळे बोकाशीत चालते, आणि कोरड्या मालाची गरज जवळपास नसते. हे तिचे खरे बळ आहे. तिची अडचण जाहिरातीत लहान अक्षरांत असते: दोन आठवड्यांनी बादलीतून खत निघत नाही. बाहेर येतो तो जवळजवळ तेवढ्याच वजनाचा, आंबूस वासाचा, सालींचे आकारही शाबूत असलेला माल, आणि तो मातीत वीतभर खोल पुरून पुढे आणखी किमान दोन ते चार आठवडे ठेवल्यावरच त्याची माती होते. ज्याच्याकडे अंगणातला वाफा आहे त्याला ही अडचण वाटणारच नाही. सज्जात चार कुंड्या असलेल्याने मात्र आधी विचार करावा, कारण सहा किलो दर आठवड्याला पुरायला माती कोठून आणणार? मोठ्या क्रेटमध्ये जुनी माती आणि हा माल समप्रमाणात मिसळून झाकून ठेवण्याचा तोडगा चालतो, पण मग बादल्या दोन, क्रेट दोन अशी जागा लागते. तळाचा द्रव दोन-तीन दिवसांनी काढावा लागतो आणि झाडांना घालताना शंभरपट पाण्यात मिसळावा लागतो. तसाच घातला तर मुळे करपतात. कोंडाही संपत राहतो, म्हणजे विकत आणण्याचा किंवा घरी बनवण्याचा खटाटोप कायमचा.

विजेवर चालणारी जी यंत्रे काही तासांत ‘खत’ देतात, ती प्रत्यक्षात कचरा वाळवून दळतात. त्या भुकटीला पाणी लागले की कुजण्याची सुरुवात तेथून होते. त्यांना मी या तुलनेत धरत नाही.

मग कोणी काय घ्यावे? झाडांची पाने झाडून गोळा होत असतील, किंवा पुठ्ठ्याची खोकी सतत येत असतील, तर हवेशीर डबा घ्यावा आणि दुसऱ्या कशाचा मोह धरू नये. एक-दोन माणसांचे घर, सावलीचा थंड कोपरा, कचऱ्यात मुख्यतः कच्च्या भाज्या-फळांच्या साली आणि थोड्याशा कुंड्या, अशी स्थिती असेल तर गांडुळांच्या पेटीसारखे दुसरे काही नाही. तिचे खत कुंडीच्या मिश्रणात पाचवा हिस्सा घातले तरी पुरते. शिजवलेले अन्न बरेच उरते, कोरडा माल मिळत नाही, पण माती भरपूर आहे, अशा घराला बोकाशी शोभते. आणि माती, कोरडा माल, झाडे यांपैकी काहीच नसेल, पण ओला कचरा वेगळा नेऊन त्याचा बायोगॅस किंवा खत करण्याची व्यवस्था वस्तीत असेल, तर तो नीट वेगळा करून तिकडे देणे हाच प्रामाणिक पर्याय आहे. त्यात कमीपणा कसला?

दोन पद्धतींची जोडीही जमते. बोकाशीत मुरलेला माल हवेशीर डब्यात कोरड्या पाचोळ्याबरोबर घातला तर मातीची गरज भागते आणि शिजवलेल्या अन्नाचीही सोय होते. माझ्या घरी सध्या असेच चालले आहे. गांडुळांना तो द्यायचा झाल्यास आधी आठवडाभर मातीत मिसळून आम्लता उतरू द्यावी आणि पेटीच्या एकाच कोपऱ्यात मूठभर घालून ती तिकडे जातात का, हे पाहावे.

काहीही विकत आणण्यापूर्वी एक पोते घेऊन त्यात दोन आठवडे फक्त कोरडी पाने, फाडलेला पुठ्ठा आणि अंड्यांचे ट्रे साठवून पाहावेत. पोते भरले तर पहिला पर्याय खुला झाला. अर्धेच राहिले तर गांडुळांच्या बिछान्यापुरते तेवढे पुरे आहे. तळाशीच राहिले, तर बोकाशीचा विचार करताना बादलीआधी पुरण्याची जागा मोजावी.